सायकल लेन, बस लेन आणि "पाचच मिनिटं थांबलोय"

पायडलमार:
बऱ्याच दिवसांपासून डोक्यात होतं म्हणून धागा काढतोय. सायकल लेनमध्ये किंवा बस लेनमध्ये गाडी लावणाऱ्याला नेमकं काय केलं म्हणजे तो दुसऱ्यांदा तिथे लावणार नाही? दंड वाढवायचा, गाडी उचलायची, कॅमेरे बसवायचे, का सरळ लेनच्या कडेने खांब ठोकून टाकायचे?

मी सायकलवाला, त्यामुळे आधी आमची बाजू. लेनमध्ये गाडी दिसली की लोक म्हणतात एकच तर आहे, बाजूने काढ की. बाजूने काढायची म्हणजे मान वळवून मागे बघायचं, हात दाखवायचा, मागून जोरात येणाऱ्या गाड्यांच्या मधे शिरायचं, आणि हे सगळं चालू असताना त्या उभ्या गाडीचं दार कुणी फाडकन उघडलं तर काय याच्यावरही एक डोळा ठेवायचा. म्हणजे जिथे मला सांभाळायला लेन आखली तिथेच माझा जीव सगळ्यात जास्त टांगणीला. आणि मी तरी सरावलोय. शाळेतली पोरं, साठीपुढची माणसं, नुकतीच सायकल हातात घेतलेली बाई, ही मंडळी त्या एका गाडीच्या भीतीने सायकल घराबाहेरच काढत नाहीत. मग हेच लोक म्हणणार, बघा लेन रिकामी पडलीये, उगाच केली.

माझं मत असं की दंडाचा आकडा सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट आहे. पकडलो जाणारच ही खात्री पाहिजे. तुमचं काय म्हणणं?

खिडकीची_जागा:
+१. बसवाल्यांचं दुखणं जरा वेगळं आहे, ते सांगते. बस लेनमध्ये गाडी उभी असली की बसला शेजारच्या लेनमध्ये शिरावं लागतं, तिथे कुणी आत घेत नाही, आणि घेतलं तोवर पुढचा सिग्नल लाल. गाडीपायी गेलेला वेळ थोडाच असतो, पण सिग्नलचा आख्खा फेरा हातचा जातो. आता ही बस पुढच्या थांब्यावर उशिरा पोचली, तोवर तिथे नेहमीपेक्षा जास्त लोक जमलेले, त्यांना चढायला जास्त वेळ, म्हणून ती आणखी मागे पडते, आणि मागच्या बसला थांब्यांवर कुणी उरलेलंच नसतं त्यामुळे ती येऊन हिला गाठते. मग आपण थांब्यावर चिडचिड करतो की इतका वेळ एकही नाही आणि आल्या तर दोन एकदम. शिव्या चालकाला बसतात, आणि कारण असतं तीन थांबे मागे इंडिकेटर लावून उभी केलेली गाडी.

आणि बसथांब्यावरच गाडी लावणारे! बस फुटपाथला टेकू शकत नाही. व्हीलचेअरचा रॅम्प फुटपाथवर टेकेल अशा बेताने बनवलेला असतो, तो रस्त्यावर सोडला तर इतका उभा उतार होतो की चाकं आवरत नाहीत. माझ्या आईचे गुडघे गेलेत. तिला बसमधून थेट डांबरावर उतरावं लागतं, मग दोन गाड्यांच्या फटीतून आडवं होऊन फुटपाथ गाठायचा, तोही एक हात कुणाच्या तरी बॉनेटवर टेकवून. हे बघितल्यावर "पाचच मिनिटं" ऐकवत नाही.

स्टिअरिंग:
दुसरी बाजू मांडतो, रागावू नका. मी गाडीवाला आहे आणि लेनमध्ये लावत नाही, पण लावणारा प्रत्येक जण माजोरडा असतो असं नाही. आजोबांना दवाखान्यात सोडायचं असतं, रस्त्याला एकही जागा नसते, मागून हॉर्न सुरू. माणूस करणार काय? शहरं आधी पार्किंग काढून घेतात, त्या जागी लेन आखतात आणि मग पावत्या फाडतात. आधी जागा द्या, मग शिस्त मागा.

पायडलमार:
@स्टिअरिंग, माणसाला सोडायला थांबणं आणि गाडी लावून निघून जाणं यात फरक आहे हे मान्य. पण "आधी जागा द्या" याला अंत कुठे आहे? जागा दिली की गाड्या वाढतात, की परत जागा द्या.

तिसरा_डोळा:
जपानमध्ये गाडी घ्यायच्या आधी ती ठेवायला रस्त्याबाहेर जागा आहे हे बहुतेक ठिकाणी दाखवावं लागतं, पोलिसांकडून तसा दाखला घ्यावा लागतो, १९६२ च्या कायद्यापासून. गाडी तुमची तर ती ठेवायची सोयही तुम्हीच बघा. २००६ पासून तिथे रस्त्यावरच्या पार्किंगवर लक्ष ठेवायचं काम खासगी निरीक्षकांनाही दिलंय. ते फिरतात, फोटो काढतात, काचेवर स्टिकर लावतात. आणि "चालवत कोण होतं माहीत नाही" ही पळवाटही बंद केली, चालक पुढे आला नाही तर मालकाने भरायचं.

मधलीओळ:
पायडलमार यांच्या "खात्री" वाल्या मुद्द्याला माझ्या माहितीतला सगळ्यात भक्कम पुरावा न्यूयॉर्कचा आहे. तिथे संयुक्त राष्ट्रांमुळे जगभरचे राजनैतिक अधिकारी राहतात, त्यांना पावती मिळायची पण वसुली करता येत नव्हती. रे फिसमन आणि एडवर्ड मिगेल या दोन अर्थतज्ज्ञांनी त्याचा हिशोब मांडला. १९९७ च्या अखेरीपासून २००२ पर्यंत दीड लाखाच्या वर पावत्या न भरता पडून होत्या, रक्कम १ कोटी ८० लाख डॉलरच्या पुढे. २००२ च्या अखेरीस शहराला अशा गाड्यांच्या राजनैतिक नंबरप्लेट काढून घेण्याचा अधिकार मिळाला आणि उल्लंघनं जवळपास ९८ टक्क्यांनी घटली. शहर तेच, पार्किंगची टंचाई तीच, नवीन पार्किंग बांधलं नाही. म्हणजे जागा नसते म्हणून लोक लावतात हे पूर्ण खरं नाही. काही होत नाही म्हणून लावतात, हे त्याच्यापेक्षा जास्त खरं आहे.

स्टिअरिंग:
राजनैतिक अधिकाऱ्यांवरून सामान्य माणसाचा हिशोब काढू नका हो.

मधलीओळ:
उलट त्यांच्यावरूनच काढायचा. त्यांना दंडाची भीती शून्य होती, म्हणजे भीती काढून घेतली तर माणसं कशी वागतात ते उघड्यावर दिसलं. ज्या देशांत भ्रष्टाचार जास्त समजला जातो तिथल्या लोकांच्या पावत्या जास्त होत्या, घरच्या सवयी बरोबर आल्या. आणि तरीही प्लेट जाणार म्हटल्यावर जवळजवळ सगळेच सुधारले. मला तर यात आशा दिसते.

रात्रपाळी:
विल्नियसच्या महापौरांचा व्हिडिओ कुणीच टाकला नाही अजून? लिथुआनिया, २०११. आर्तुरस झुओकस यांनी सायकल लेनमध्ये लावलेल्या मर्सिडीजवरून चिलखती लष्करी गाडी घातली, चेपून सपाट. मग खाली उतरून काचा झाडल्या आणि सायकलवर बसून गेले. सगळं आधी ठरवून केलेलं होतं, गाडी जुनी आणलेली. त्याच वर्षी इग नोबेल शांतता पुरस्कार मिळाला, म्हणजे नोबेलची गमतीशीर नक्कल असलेला.

निळीशाई:
धागा बंद करा, उत्तर सापडलं. वर्गणी काढूया, चिलखती गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवू.

रात्रपाळी:
ती लेनमध्ये लावू नका म्हणजे झालं :ड

मालवाहू:
सगळं वाचलं. इथे कुणी आमच्यातलं दिसत नाही म्हणून लिहितो. मी टेम्पो चालवतो, घरपोच सामान टाकतो. लेनमध्ये कोण थांबतं तर आम्ही थांबतो, खरं आहे. पण का ते ऐका. वॉशिंग मशीन उतरवायचं असतं, दोघं मिळून पाठीवर पट्टा टाकून उचलतो, ते घेऊन दोन चौक लांबून चालत येऊ शकत नाही. रस्त्यावर मालासाठी जागा राखून ठेवलेली असते कुठे कुठे, पाटीसकट. तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणाची तरी खासगी कार लावलेली असते. तिला कुणी पावती देत नाही. मग आमच्यापुढे उरतं काय, बस लेन, सायकल लेन नाहीतर रस्त्याच्या मधोमध. ॲपवर वेळ पळत असते, उशीर झाला की पैसे कापतात, पावती आली तर ती पण माझ्याच पगारातून. मालकाला दोन्हीचं काही वाटत नाही.

सायकलवाल्यांवर राग नाही. कुणी आमच्यामुळे पडावं असं कुणालाच वाटत नाही. पण लेन मोकळी ठेवायची असेल तर आमच्या राखीव जागेवरच्या गाड्या आधी हलवा. निम्म्या लेन आपोआप मोकळ्या होतील.

खिडकीची_जागा:
मालवाहू दादा, बरं झालं लिहिलंत. हा मुद्दा या धाग्यात कुणाच्याच डोक्यात नव्हता.

मधलीओळ:
मालवाहू यांनी मुळावर बोट ठेवलं. मोठ्या कंपन्या दंड हा धंद्याचा खर्च धरून चालतात. न्यूयॉर्कमध्ये तर मालवाहतूक कंपन्यांसाठी रीतसर योजना आहे, दंडाविरुद्ध दाद मागायचा हक्क सोडायचा आणि बदल्यात कमी केलेला ठरलेला दंड भरायचा. प्रशासनाचं काम हलकं होतं हे खरं, पण लेन अडवण्याचा एक भाव ठरून जातो आणि ज्याला परवडतो तो अडवत राहतो. म्हणून नुसत्या पैशापेक्षा दुसरं काहीतरी जोडायला हवं. जर्मनीत नोव्हेंबर २०२१ पासून सायकलमार्गावर गाडी लावली तर ५५ युरो, आणि कुणाला अडथळा झाला तर ७० युरो आणि लायसन्सवर एक पॉइंट. आठ पॉइंट झाले की लायसन्स जातं. पॉइंट श्रीमंताला आणि गरिबाला सारखाच लागतो. फक्त तो चालवणाऱ्याच्या माथी बसतो, मालवाहूंसारख्यांना वेळेच्या कचाट्यात धरणाऱ्या कंपनीला नाही, ही त्याची लंगडी बाजू.

निवृत्त_चालक:
बरीच वर्षं बस चालवली. वरच्या ताईंनी बसचं बरोबर लिहिलंय, थोडी भर घालतो. लांब बस उभ्या गाडीच्या बाजूने काढताना पुढचं टोक बाहेर गेलं तरी मागची चाकं आतून कापत येतात, म्हणून जास्तच बाहेर जावं लागतं, कारला लागते त्याच्या दुप्पट जागा धरा. परत आत घेताना मागचा भाग पलीकडच्या लेनवर झुलतो, तिथे दुचाकी असेल तर ती आरशाच्या आंधळ्या पट्ट्यात. आणि बसमध्ये लोक उभे असतात. एकदम ब्रेक मारता येत नाही, एकदम वळवताही येत नाही. म्हणून मग आम्ही थांबतो, हॉर्न देतो, आणि सगळ्यांना वाटतं चालक आळशी आहे.

कॅमेरा रस्त्यावरच्या खांबाला लावण्यापेक्षा बसला लावा. खांबाची जागा सगळ्यांना पाठ होते, दहा पावलं पुढे गाडी लावतात. बस मात्र सगळीकडून जाते.

तिसरा_डोळा:
काका, तसं केलंय काही शहरांनी. न्यूयॉर्कमध्ये २०१९ पासून बसच्या काचेमागे कॅमेरे आहेत, आणि २०२४ मध्ये त्यांनी ते वाढवून थांबा अडवणाऱ्या आणि दुहेरी (उभ्या गाडीच्या शेजारी दुसऱ्या रांगेत) लावलेल्या गाड्यांसाठीही वापरायला घेतले. पहिल्या वेळी ५० डॉलर, वर्षाच्या आत परत परत सापडलात तर वाढत २५० पर्यंत.

स्टिअरिंग:
आणि त्याच २०२४ मध्ये त्याच कॅमेऱ्यांनी हजारो लोकांना चुकीच्या पावत्या पाठवल्या हे पण लिहा की. कितीतरी गाड्या नियमाने लावलेल्या होत्या. यंत्राने चूक केली की निस्तरायचं कुणी, तर ज्याची चूक नाही त्याने, फॉर्म भरून, पुरावे जोडून. मी खात्रीच्या विरोधात नाही, पण खात्री दोन्ही बाजूंनी पाहिजे. चुकलेला सुटणार नाही ही एक, आणि न चुकलेला अडकणार नाही ही दुसरी.

पायडलमार:
@स्टिअरिंग, हे वाक्य शंभर टक्के पटलं. दुसरी खात्री नसेल तर लोक पहिलीच्या विरोधात उभे राहतात आणि मग कॅमेरेच उतरवले जातात.

मधलीओळ:
म्हणूनच एका फोटोवर पावती नसावी. बस लेनमधून वळायला परवानगी असलेली गाडी एका फोटोत उभी दिसू शकते. ठरावीक अंतराने दोन वेळा तीच गाडी त्याच जागी दिसली तरच पुढे जायचं, आणि पावती निघायच्या आधी माणसाने डोळ्यांनी बघायचं. पाट्याही स्वच्छ पाहिजेत. लेन कुठल्या वेळात चालू असते हे झाडाच्या फांदीमागे लिहिलेलं असेल तर तो दंड टिकूच नये.

अर्धवट_शहाणा:
साधा प्रश्न. लोकांनीच फोटो काढून पाठवले तर? हजारो कॅमेरे फुकटात.

खिडकीची_जागा:
अर्धवट_शहाणा, मला त्याची थोडी धास्ती वाटते. फोटो काढताना समोरचा अंगावर येतो, असे प्रकार होतात. आणि शेजाऱ्याशी भांडण असलेला माणूस दिवसभर त्याच्याच गाडीचे फोटो काढत बसेल.

तिसरा_डोळा:
न्यूयॉर्कमध्ये इंजिन चालू ठेवून उभ्या ट्रकची तक्रार नागरिक करू शकतात आणि दंडाचा २५ टक्के हिस्सा त्यांना मिळतो. काही लोकांनी त्यालाच धंदा केलाय. हवेसाठी चांगलं असेल, पण त्यातून भांडणंही झालीत. पैसे न देता तक्रार घेतली तर बरं, असं माझं मत. आणि तक्रार एकेका गाडीसाठी न वापरता कुठल्या जागी सारख्या गाड्या असतात हे कळण्यासाठी वापरावी. त्या जागी मग माणूस पाठवा नाहीतर खांब.

चाकाचीतार:
अवांतर: गाडीचं दार उघडताना दाराच्या बाजूच्या हाताने न उघडता लांबच्या हाताने उघडा. नेदरलँड्समध्ये हे शिकवतात. लांबचा हात दारापर्यंत नेला की खांदा आणि मान आपोआप मागे वळतात आणि येणारा सायकलवाला दिसतो. फुकटचा उपाय आहे, घरातल्या सगळ्यांना, मागे बसणाऱ्या पोरांना तर नक्की सांगा.

निळीशाई:
आत्ता खुर्चीवर बसल्या बसल्या करून बघितलं, खरंच मान वळते.

चाकाचीतार:
आता मूळ प्रश्नावर. मी खांबवाल्यांच्या बाजूचा. पोलीस, कॅमेरे, पावत्या हे सगळं रोज करावं लागतं, खांब एकदाच ठोकायचा. रंगाच्या पट्ट्याने कोणी थांबत नाही. न्यूयॉर्कमध्येच २००७ साली नाइन्थ ॲव्हेन्यूवर त्यांनी सायकल लेन फुटपाथच्या बाजूला घेतली आणि पार्किंगची रांग तिच्या बाहेर, म्हणजे उभ्या गाड्याच सायकलवाल्याची भिंत झाल्या. कोपनहेगनमध्ये असं कितीतरी आधीपासून आहे. यात स्टिअरिंग यांची बरीचशी पार्किंगची जागाही शाबूत राहते. फक्त गाडी आणि लेन यांच्यामध्ये दार उघडेल एवढी पट्टी सोडावी लागते, ती सोडली नाही की परत दाराचा प्रश्न आलाच.

निवृत्त_चालक:
बससाठी खांब चालत नाही हो. पुढे बस बंद पडली तर मागच्याने जायचं कुठून? रुग्णवाहिका, अग्निशमन यांनाही बस लेनचाच आधार असतो.

मधलीओळ:
काकांचं बरोबर आहे, म्हणून बससाठी लेन रस्त्याच्या मधोमध नेतात. ब्राझीलच्या कुरितिबामध्ये १९७४ पासून, दक्षिण कोरियाच्या सोलमध्ये २००४ पासून. कडेच्या लेनवर दुकान, दवाखाना, मालाची गाडी, सोडायला आलेली कार, सगळ्यांचा डोळा असतो. रस्त्याच्या मध्यावर कोण कशाला गाडी लावेल? तिथून जायचं कुठे? पार्किंगचा प्रश्न पावतीशिवाय सुटतो. मात्र थांबाही मधे जातो, त्यामुळे प्रत्येक प्रवाशाला बसपर्यंत पोचायला रस्ता ओलांडावा लागतो, आणि ते ओलांडणं सुरक्षित केलं नाही तर बसचा वेळ वाचवून माणसं मारली असं होतं. अरुंद रस्त्याला हे जमतही नाही. तिथे कडेची लेन आणि बसवरचा कॅमेरा.

स्टिअरिंग:
मी एक विचारतो, लेन दिवसभर कशाला हवी? रात्री बस किती धावतात? गर्दीच्या वेळी कडक ठेवा, बाकी वेळ लोकांना लावू द्या.

खिडकीची_जागा:
वेळेची लेन असली की वेळ संपायच्या आधी येऊन लावतात आणि सुरू झाल्यावर गाडी हलवत नाहीत. संध्याकाळच्या पहिल्या अर्ध्या तासात एक विसरलेली गाडी पुरते. पण रात्री उशिरा मोकळी सोडायला माझी हरकत नाही, बस लेनची. सायकल लेनची मात्र आहे. रात्री सायकलवाला कमी दिसतो, आणि त्यालाच रस्त्यावर ढकलायचं?

पायडलमार:
हेच लिहिणार होतो.

@चाकाचीतार, खांबांबद्दल एक शंका. खांब दाट लावले तर झाडणारं यंत्र आत शिरत नाही, लेनमध्ये काचा, पाला साठतो, आणि मग सायकलवाले स्वतःच बाहेरून जातात. विरळ लावले तर कार शिरते. लेनच्या रुंदीत बसणारं छोटं यंत्र घ्यावं लागेल, नाहीतर माणसांनी झाडावं लागेल. हे आधीच पैशात धरलं नाही तर खांब असूनही लेन मेलीच.

चाकाचीतार:
खरंय. खांबांपेक्षा सलग कट्टा बरा, पण पाणी निघायला मधे मधे फटी ठेवून. आणि कट्ट्याची लेनकडची बाजू उतरती, म्हणजे पायडल घासत नाही.

मालवाहू:
एवढं चाललंय तर माझी मागणी पण लिहून ठेवा. मालाची राखीव जागा प्रत्येक रांगेच्या सुरुवातीला द्या, मधे कुठेतरी देऊ नका, मधे असली की मागे-पुढे करत आत घुसवावी लागते आणि ते करताना लेन अडतेच. लांबी टेम्पोची धरा, कारची नको, आणि मागचं फळकं उघडायला जागा सोडा. जागेला लागून फुटपाथ उतरता करा, नाहीतर भरलेली ट्रॉली चढत नाही आणि आम्हाला ती सायकल लेनमधून उतारापर्यंत ढकलत न्यावी लागते. आणि बसवरच्या कॅमेऱ्याला जसं बस लेनमधली गाडी ओळखायला शिकवताय तसं या जागेतली खासगी गाडी पण ओळखायला शिकवा.

निवृत्त_चालक:
मालवाहू, ते शेवटचं सहज होण्यासारखं आहे. बस त्या जागेच्या शेजारूनच जाते.